तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?

नरकचतुर्दशीची पहाट. तेल, उटणे, अभ्यंगस्नान सगळे आटोपले आणि न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा एवढा गुंता साठला की पाणीच तुंबले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वेणी बघ कशी उंदराच्या शेपटासारखी झालीय. शाम्पू बदललास का?" जाऊबाईंचा संशय टाकीच्या पाण्यावर. मैत्रिणीने केसांच्या गोळ्यांचे नाव मोबाइलवर पाठवले. भाऊबीजेपर्यंत शाम्पू बदलून झाला, कांद्याचे तेल आले, गोळ्याही सुरू झाल्या. केस मात्र गळतच राहिले.

छत्तीस वर्षांची ही गृहिणी कोणी एक बाई नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या अनेकींच्या तक्रारी एकत्र केल्या, तर जे चित्र उभे राहते ते हे. तिला टक्कल पडलेले नाही, चाई लागलेली नाही, कोंडा नाही, खाजही नाही. डोक्यावरचे सगळेच केस सारखेपणाने विरळ होत आहेत. भांग रुंदावला आहे, रबरबँडला पूर्वी दोन वेढे पुरत ते आता चार द्यावे लागतात. पहिल्या डॉक्टरांनी डोक्याकडे पाहिले आणि "डोकं तर भरलेलं दिसतंय, टेन्शन घेऊ नका" असे सांगून व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

इथेच बहुतेकींचा शोध भरकटतो. केस ज्या दिवशी गळतो, त्या दिवशी काय घडले हे सगळे शोधत बसतात. पण या प्रकारच्या केसगळतीचे कारण बहुधा त्या दिवसात नसतेच. ते दोन-तीन महिने मागे असते.

केसांचे वेळापत्रक

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचे वेळापत्रक स्वतंत्र असते. केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने. ही वाढीची अवस्था. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते आणि केस विश्रांतीत जातो. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची. त्यानंतर तो गळतो आणि त्याच मुळाशी नवा केस वाढू लागतो.

निरोगी माणसाच्या डोक्यावर कोणत्याही क्षणी सुमारे दहा टक्के केस विश्रांतीत असतात. म्हणजे एक लाखातले दहा हजार. ते साधारण शंभर दिवसांत गळणार असतील तर दिवसाला शंभर केस झाले. 'रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक' हे जे आपण ऐकतो, ते या हिशोबाशी जुळते. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईच्या हातात एका वेळी दोन-तीनशे केस येतात ते त्यामुळेच. मधल्या दिवसांत सुटलेले केस वेणीत अडकून राहिलेले असतात.

आता शरीराला मोठा धक्का बसला असे समजू. तीव्र ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, रक्तस्राव, उपासमार. अशा वेळी शरीर तातडीच्या नसलेल्या कामांना कात्री लावते. केस वाढवणे हे त्यांतले पहिले. वाढीच्या अवस्थेतले बरेच केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात. दहाऐवजी तीस टक्के केस विश्रांतीत गेले तर दिवसाची गळती शंभरावरून तीनशेवर जाईल. पण ती लगेच दिसणार नाही. विश्रांतीत गेलेले केस तीन महिने डोक्यावरच असतात. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, आजार विसरतो. आणि मग एका सकाळी कंगवा भरतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली ही गळती शास्त्रीय भाषेत मांडली आणि तिला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' हे नाव दिले. टेलोजेन म्हणजे केसाची विश्रांतीची अवस्था आणि एफ्लुव्हियम म्हणजे बाहेर पडणारा ओघ. अशा गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक गोळा दिसतो. 'केस मुळासकट गेला' म्हणून तो पाहून अनेकींचा धीर सुटतो. पण तो गोळा म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती पूर्ण केलेल्या केसाचे ते टोक असते. मूळ त्वचेतच सुरक्षित असते आणि पुढचा केस तिथूनच येतो.

श्रावणातला ताप, दिवाळीतले केस

त्या गृहिणीची दुसऱ्या डॉक्टरांशी झालेली भेट वेगळी ठरली ती पहिल्याच प्रश्नामुळे.

"श्रावणात काय झालं होतं?"

"श्रावणात? काही नाही. हां, डेंगू झाला होता. पण त्याला तीन महिने होऊन गेले, डॉक्टर. तेव्हा तर एक केस गळला नव्हता."

"म्हणूनच विचारतोय."

पावसाळ्यातला डेंगू, मलेरिया किंवा टायफॉइड आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी केसगळती ही जोडी महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या परिचयाची आहे. करोनाच्या लाटांनंतरही हेच दिसले. आजारातून उठलेल्या अनेकांचे केस दोन-तीन महिन्यांनी मुठीने गळू लागले आणि 'करोना परत आला की काय' या भीतीने लोक पुन्हा दवाखान्यात गेले. बाळंतपणानंतरची गळती हीही याच जातीची. गरोदरपणात वाढलेल्या संप्रेरकांमुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकतात, वेणी दाट दिसते. प्रसूतीनंतर ती पातळी एकदम उतरते आणि थांबलेले केस बाळ दोन-चार महिन्यांचे असताना एकत्र गळतात. बाळ आपल्या तोंडाकडे बघून हसू लागले की आईचे केस जातात, असे घरोघरी सांगितले जाते. त्या समजुतीतले कारण चुकीचे आहे, पण वेळ अचूक पकडलेली आहे.

मागे वळून पाहताना विचारायच्या आणखी काही गोष्टी आहेत. लग्नाआधी किंवा नव्या वर्षाच्या संकल्पापायी झपाट्याने वजन उतरवले होते का? जेवणातली प्रथिने एकदम कमी झाली होती का? गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या का? एखादे नवे औषध सुरू झाले का? रक्त पातळ करणारी काही औषधे, फिट्स आणि मनोविकारांवरची काही औषधे, मुरुमांसाठी दिली जाणारी 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधे यांनी केस विरळ होऊ शकतात. त्यांतली बरीच औषधे जिवाला जपणारी आहेत. त्यामुळे ती आपल्या मनाने बंद करणे केस गळण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे.

आणि मानसिक ताण? घरातला मृत्यू किंवा अपघात यांसारखा धक्का केसांवर दिसू शकतो. २०२१ साली हार्वर्ड विद्यापीठातील या-चिए स्यू यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की ताणाच्या काळात स्रवणारे संप्रेरक केसांच्या मुळांतील मूळपेशींना विश्रांतीतच अडकवून ठेवते. माणसातही नेमके असेच घडते असे त्यावरून म्हणता येत नाही. मात्र केसांचा ताणाशी संबंध असतो, म्हणून कोणतीही तपासणी न करता "टेन्शन घेऊ नका" असे सांगून रुग्णाला परत पाठवणे योग्य ठरत नाही. केस गळण्याचा ताण तर त्या बाईला आधीच आलेला असतो.

शाम्पू आणि टाकीचे पाणी या यादीत सहसा नसतात. रासायनिक प्रक्रिया, अति उष्णता किंवा घट्ट ओढून बांधलेले केस यांनी केस तुटतात. तुटलेला केस आखूड असतो आणि त्याच्या टोकाला पांढरा गोळा नसतो. कंगव्यातले केस उजेडात नीट पाहिले तर हा फरक घरीही कळतो.

बुलढाण्याचा धडा

कारण शोधण्याची ही रीत एका व्यक्तीला लागू पडते, तशी गावालाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगावसह अनेक गावांतल्या लोकांचे केस अचानक गळू लागले. हळूहळू विरळ होण्याचा हा प्रकार नव्हता. डोके खाजायचे, नुसता हात फिरवला तरी केस हातात यायचे आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडायचे. कोणी 'टक्कल व्हायरस' म्हणाले, कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा त्यात नायट्रेट जास्त निघाले आणि संशय पाण्यावर गेला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. रक्त, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेतले गेले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतंत्रपणे अभ्यास केला आणि रेशनवर आलेल्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर बोट ठेवले. रुग्णांत झिंकचे प्रमाण कमी असल्याचेही त्यांनी नोंदवले. पंजाबच्या होशियारपूर-नवाशहर पट्ट्यातली काही जमीन सेलेनियमयुक्त आहे, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. अशा जमिनीतले पीक ते सेलेनियम शोषून घेते. केसांतले प्रथिन गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेले असते. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचा सख्खा भाऊ. तो गंधकाची जागा घेतो आणि बांधणी ढिली पडते. काही रुग्णांची नखेही पुढे तडकली, ती याचमुळे. नंतर अनेकांचे केस परत येऊ लागले.

पाणी वाईट निघाले म्हणून केस पाण्यानेच गेले असे सिद्ध होत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा. ज्यांचे केस गेले त्यांच्यात समान काय होते आणि ते कधी सुरू झाले, हे दोन प्रश्न सुटल्यावरच उत्तर हाती येते. दुसरा धडा केसांच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. सेलेनियम हे 'केसांसाठी चांगले' म्हणून अनेक गोळ्यांत असते आणि जास्त झाले की तेच केस घालवते. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरक औषधात लेबलवर लिहिले होते त्याच्या सुमारे दोनशेपट सेलेनियम चुकून पडले. दहा राज्यांतल्या दोनशेहून अधिक लोकांना बाधा झाली आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गळाले. 'अ' जीवनसत्त्वाचेही असेच. कमी पडले तरी त्रास, जास्त झाले तरी केस गळतात.

'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे काय?

डेंगूने उत्तर मिळाले असे वाटले, तरी डॉक्टरांनी काही रक्ततपासण्या सांगितल्याच. एक कारण सापडले म्हणून दुसरे नसेल असे नाही. पसरट केसगळतीत उपयोगी पडणाऱ्या तपासण्यांची यादी लांब नाही. हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच. शाकाहारी व्यक्तीत बी-१२ आणि गरजेनुसार 'ड' जीवनसत्त्व. मासिक पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस किंवा मुरूम वाढले असतील तर संप्रेरकांच्या तपासण्या. सांधेदुखी, तोंडात फोड, उन्हाने चेहऱ्यावर येणारे चट्टे असतील तर ल्युपसची चाचणी. शंका वाटली तर सिफिलिसचीही, कारण तो आजारही केस विरळ करतो आणि विचारल्याशिवाय कोणी त्याबद्दल बोलत नाही.

तिचे हिमोग्लोबिन होते १२.१. बिनगरोदर स्त्रीसाठी १२ च्या वर म्हणजे ठीक. फेरिटिन ११. प्रयोगशाळेने खालची मर्यादा १० छापली होती, त्यामुळे अहवालावर लाल खूण नव्हती. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलेला समजतात. म्हणजे तिजोरी रिकामी होती, फक्त रोजचा खर्च अजून भागत होता. केसांसाठी फेरिटिन नेमके किती हवे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अनेक त्वचारोगतज्ज्ञ ते ३० ते ४० च्या वर असावे असे धरून चालतात. शिवाय अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन उगाच वाढलेले दिसते, हेही लक्षात ठेवावे लागते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. एवढ्या मोठ्या संख्येने जे आढळते, त्याची 'थोडं रक्त कमी आहे' म्हणून सवय होऊन जाते. "पाळीत किती दिवस जातं? पॅड किती लागतात?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांना लागतात तेवढेच." मग मोजले तेव्हा सात-आठ दिवस अतिरक्तस्राव होत होता, तोही दोन वर्षांपासून. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. केसांच्या निमित्ताने ती सापडली. लोहाची गोळी दिली असती आणि गळती कुठून होते हे पाहिले नसते, तर साठा पुन्हा रिकामा झाला असता. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले तर हा शोध अधिकच गरजेचा ठरतो. तिथे रक्त पोटातून, आतड्यातून जात असू शकते.

थायरॉइडच्या अहवालाने मात्र सगळ्यांना चकवले. टीएसएच खूप कमी, टी-४ जास्त. थायरॉइड अति काम करत असल्याचे हे चित्र. पण हात थरथरत नव्हते, वजन घटले नव्हते, नाडी शांत होती. डॉक्टरांनी विचारले, "केसांच्या गोळ्या घेता का कुठल्या?" पर्समधून पाकीट निघाले. बायोटिन, १० मिलिग्रॅम.

प्रौढ माणसाला बायोटिन दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशेपटीहून अधिक. प्रयोगशाळांतल्या अनेक चाचण्यांमध्ये बायोटिनच्याच साखळीचा वापर केलेला असतो. रक्तात बायोटिनचा पूर आला की ती साखळी बिघडते. काही आकडे खोटे कमी येतात, काही खोटे जास्त. थायरॉइड ठणठणीत असताना अहवाल आजार दाखवतो. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी तपासले जाणारे ट्रोपोनिनही यामुळे खोटे कमी येऊ शकते. त्यातून झालेल्या एका मृत्यूची नोंद देत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. तिने गोळी थांबवली, काही दिवसांनी तपासणी पुन्हा केली आणि थायरॉइड नॉर्मल निघाले. केसांसाठी घेतलेल्या गोळीने केसांचे काही भले झाले नाहीच, कारण बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. वर एक नसलेला आजार मात्र कागदावर आला. म्हणून कोणत्याही रक्ततपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवावे. डोस मोठा असेल तर किती दिवस, हे डॉक्टरांना विचारावे. प्रयोगशाळेलाही ते सांगावे.

भिंगाखालचे उत्तर

रक्त जे सांगत नाही, ते डोके सांगते. डॉक्टर पन्नास-साठ केसांचा पुंजका बोटांत धरून हलकेच ओढतात. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. आदल्या दिवशी न्हालेल्या बाईत ही चाचणी फसते, त्यामुळे तपासणीला जाताना लगेच केस धुऊन जाऊ नये.

त्यानंतर ट्रायकोस्कोप, म्हणजे दिवा लावलेले भिंग. निव्वळ टेलोजेन गळतीत केस कमी दिसतात, पण जे आहेत त्यांची जाडी सारखी असते आणि मधूनमधून आखूड, टोकदार नवे केस उगवलेले दिसतात. याउलट आनुवंशिक विरळतेत जाड केसाशेजारी बारीक, त्याशेजारी अगदी लव, असा प्रकार दिसतो. हा विकार स्त्रियांतही असतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिक लुडविग यांनी १९७७ साली त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. स्त्रियांत पुरुषांसारखे टक्कल पडत नाही, कपाळावरची केसांची रेषा टिकते आणि भांगाच्या दोन्ही बाजूंनी माथा विरळ होत जातो. इथे केस गळण्यापेक्षा दरवेळी आधीपेक्षा बारीक होऊन उगवतो, हा मुख्य दोष. त्यामुळे जाळीत फारसे केस न दिसताही वेणी बारीक होते.

तिच्या माथ्यावर, भांगाजवळ, हे बारीक केस थोडे दिसले. डोक्याच्या मागच्या बाजूला नाही. म्हणजे डेंगूने केस एकदम गळाले आणि आतापर्यंत घनदाट केसांखाली झाकून राहिलेली आनुवंशिक विरळता त्याने उघडी पाडली. दोन्ही एकाच वेळी असणे अजिबात दुर्मीळ नाही. यांतले पहिले आपोआप थांबते, दुसरे थांबत नाही. 'ताप झाला होता, येतील परत' म्हणून दोन वर्षे वाट पाहिली तर उपचाराचा चांगला काळ निघून जातो. पुरुषांच्या बाबतीत चूक उलटी होते. सगळीकडे विरळ होणारे केस 'बापाचंच डोकं आलंय' म्हणून सोडून दिले जातात आणि त्यामागचा थायरॉइड, औषध किंवा ताप कोणी विचारत नाही.

भिंगानेही खुलासा झाला नाही तर भूल देऊन डोक्याच्या त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. त्यात जाड आणि बारीक केसांचे प्रमाण मोजता येते आणि पसरलेल्या चाईसारखे छुपे प्रकारही ओळखता येतात.

आणि एवढे करूनही काहींना नेमके कारण मिळत नाही. तीस ते साठ वयातल्या काही स्त्रियांचे केस सहा महिन्यांहून जास्त, कधी वर्षानुवर्षे, कमी-जास्त होत गळत राहतात आणि तपासणीत दोष निघत नाही. या दीर्घकालीन प्रकाराचे तपशीलवार वर्णन डेव्हिड व्हायटिंग यांनी १९९६ साली केले. त्यात टक्कल पडत नाही, हा मोठा दिलासा. पण हा दिलासा सगळे तपासून झाल्यावर दिला तरच पटतो. डॉक्टरांना भरलेले डोके दिसते, कारण त्यांनी दोन वर्षांपूर्वीची वेणी पाहिलेली नसते. तिने ती रोज घातलेली असते. तिचे म्हणणे खरे धरून तपासणीला सुरुवात करणे, हीच योग्य वैद्यकीय रीत आहे.

उपचार आणि वाट पाहणे

धक्क्याने झालेली गळती कारण दूर झाले की बहुधा तीन ते सहा महिन्यांत ओसरते. तिला औषध लागत नाही, पुरेसे अन्न आणि वेळ लागतो. डाळ, उसळ, अंडी, मासे, दूध यांतून प्रथिने. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यासोबत लिंबू, आणि चहा तासा-दोन तासांनी. गळती थांबली तरी वेणी लगेच भरत नाही. महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने नवा केस खांद्यापर्यंत यायलाच दोन-अडीच वर्षे लागतात. भांगाजवळ उभे राहणारे आखूड, हट्टी केस ही तोवरची शुभवार्ता.

आनुवंशिक विरळतेसाठी मिनॉक्सिडिल हे सर्वांत जास्त अभ्यासलेले औषध. ते मुळात रक्तदाबावरचे. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण कळला आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने गळती वाढते. ते कोणी आधी सांगितले नाही तर बहुतेक जणी तिथेच औषध सोडतात. परिणाम चार-सहा महिन्यांनी दिसतो आणि बंद केले की मिळवलेले केस हळूहळू जातात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ते वापरत नाहीत. निदान व्हायच्या आधीच महागड्या इंजेक्शनांचे 'पॅकेज' पुढे करणाऱ्या ठिकाणी पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मला नेमके काय झाले आहे?

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नये. डोक्यात आग, दुखणे, लाली किंवा पू. केस गेले तिथे त्वचा गुळगुळीत, चकचकीत होणे. भुवया किंवा पापण्याही गळणे. आवाज जाड होणे आणि चेहऱ्यावर झपाट्याने केस येणे. घरातल्या किंवा गावातल्या अनेकांचे केस एकदम जाणे. यांतले काहीही असेल तर लगेच तज्ज्ञ गाठावा. व्रण पडणाऱ्या प्रकारांत मूळच मरते आणि मग केस परत येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे एक साधा कागद. केस गळायला लागले तो महिना वर लिहावा. त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत काय काय झाले ते खाली लिहावे: ताप, शस्त्रक्रिया, प्रसूती, वजन, उपास, नवी आणि बंद केलेली औषधे, पाळीचे दिवस, घेत असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक आणि 'फक्त व्हिटॅमिन'सुद्धा. जुना एखादा फोटो, ज्यात भांग दिसतो, सोबत ठेवावा. आणि आजपासून महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढावा. रोज केस मोजत बसण्यापेक्षा तो जास्त खरे सांगतो.

त्या गृहिणीची जाळी संक्रांतीपर्यंत मोकळी झाली. फायब्रॉइडवर उपचार सुरू झाले, लोहाचा साठा भरू लागला, भांगावर औषध लागू लागले. वेणी पूर्वीइतकी जाड होईल का, याचे वचन डॉक्टरांनी दिले नाही. पण पाडव्याला न्हाऊन आल्यावर तिने आरशात पाहिले, तर भांगाच्या कडेने बोटाच्या पेराएवढे केस ताठ उभे होते. तेल लावूनही बसत नव्हते.